चाकांच्या घरातलं पाणी

गारगोटी, १० फेब्रुवारी २००२

अनुजा,

आज्जी बोलतीया. पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील. व्हय, तुझ्या बाचंच हाय ते. शेजारच्या विठाबाईची सून "मी देते की लिहून" म्हणत हुती, पण तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाय. सांजपर्यंत आपल्या घरातलं सगळं गल्लीभर झालं असतं. म्हणून जोत्यालाच धरून बसवलं. म्हणाला, "मी तिला पत्र लिहिणार न्हाय." म्हटलं, "तू कुठं लिहितोस बाबा? लिहिणारी मी. तुझा नुसता हात."

आणि खरंच की. तू जातीबाहेर, नेसरीच्या शिवकुमारशी रजिस्टर लगीन केलंस, तवा यानं जोतिबाचा गुलाल मुठीत धरून भर गल्लीत सांगितलं, पोरीच्या घराचा उंबरा चढणार न्हाय आणि तिच्या घरचं पाणी पिणार न्हाय. पत्र लिहिणार न्हाय असं त्यात कुठं हुतं? मी तवाच ध्यानात ठेवलतं.

आता लिहितोय, पण तोंड कारलं खाल्ल्यागत केलंय. हे बी लिही रे. लिहिलंस? वाच बघू.

वाचलं. लिहिलंय.

तर तुझा फोटो पोचला. तू आणि शिवकुमार, मागं ती ढब्बू पांढरी गाडी. सुट्टीत अमेरिकाभर घरगाडी घेऊन हिंडतोय म्हणतीस, आत पलंग हाय, शेगडी हाय, न्हाणी हाय. मी चष्मा लावून लई वेळ बघितलं. पडदे दिसले, न्हाणी काय दिसली न्हाय. मला एवढंच सांग, त्या गाडीत पाणी कुठनं येतं? चालत्या गाडीला नळ कोण देतंय? टाकी असंल तर ती कुठं, डोक्यावर का पोटाखाली? किती घागरी मावतात? आंघोळ रोज करता का सणासुदीला? आणि वापरलेलं पाणी रस्त्यावर सांडत जाता व्हय? मागनं येणारा शिव्या घालत असंल.

संडास बी त्याच गाडीत हाय म्हणतीस. शेगडीपासनं किती लांब? खरं सांग. मी कुणाला सांगणार न्हाय, विठाबाई सोडून.

गाडी कोणत्या सालची आहे व ब्रेक शेवटचे केव्हा तपासले ते कळवणे.

काय रे जोत्या, माझं बोलणं कवाच संपलं, तू काय लिहितोस? म्हणतोय, तारीख. तारीख तर वर घातलीस की.

बोलणारी बाळाबाई, हात दुसऱ्याचा


गारगोटी, १७ मार्च २००२

अनुजा,

पत्र पोचलं. तुझ्या बानं वाचून दाखवलं, रेडिओवर बाजारभाव सांगतात तसं. गूळ इतका, शेंग इतकी, पोरगी खुशाल.

तीस गॅलन म्हंजे किती, ते मला कळंना. मग यानं दाराच्या फळीवर खडूनं मांडलं आणि म्हणाला, एकशेतेरा लिटर. माझी तांब्याची घागर बारा लिटरची. म्हंजे नऊ घागरी आणि वर एक कळशी. एवढंच? अगं, तुझी आई गेल्यावर मी तुला न्हाऊ घालायची, तवा तुझ्या एकटीच्या केसांना दोन घागरी लागायच्या. आता नऊ घागरीत दोघांचं चूळ, आंघोळ, भांडी, स्वैपाक आणि वर पाच-सहा दिवस! एक तर तू शहाणी झालीस न्हायतर पारोशी राहतीस.

आणि वापरलेलं पाणी खालच्या दुसऱ्या टाकीत साठवता, हे ऐकून मी कपाळाला हात लावला. चांगलं पाणी वाहून न्यायचं, ते घाण करायचं आणि परत घाण पाणी वाहून न्यायचं! आपल्या मोरीचं पाणी केळीला जातं, केळ घड देती. तुमच्या मोरीचं पाणी नुसतं प्रवास करतं.

शिवकुमार म्हणतो, टाकी गच्च भरून निघायचं न्हाय. पाण्याचं वजन हुतं, तेल जास्त जळतं. पुढच्या मुक्कामाला नळ हाय म्हणून ठावं असलं तर तिसरा हिस्साच घ्यायचा. बरोबर असंल. पोरगा हुशार हाय. कोल्हापूरच्या पाण्यावर वाढून रस्सा खात न्हाय एवढं सोडलं, तर त्याच्यात खोट न्हाय. पण हे वाचताना बाजारभाव एकदम बंद पडला. "तिसरा हिस्सा!" म्हणून ओरडला तुझा बा. म्हटलं, मला कशाला सांगतोस? पेन तुझ्या हातात हाय.

दुधाचा टँकर चालवण्याचा अनुभव असा की टाकी एक तर पूर्ण भरावी, नाहीतर पूर्ण रिकामी ठेवावी. अर्धवट टाकीत पाणी हिंदकळते आणि वळणावर गाडीला ओढते. घाटात सावकाश. शिवाय पुढे नळ असेलच असे धरून चालू नये.

लई येळ लिहितोस रे. एवढं मी आख्ख्या पत्रात बोलले न्हाय. अनुजा, त्यो काय लिहितोय ते मला वाचता येत न्हाय. जे लिहिलं असंल ते माझंच समज.

ब्रेकचं काय ते तू लिहिलंयस म्हणतोय. मी कधी विचारलतं ब्रेकचं?

बाळाबाई, हात त्याचाच


गारगोटी, ३० एप्रिल २००२

अनुजा,

परवा जोतिबाची यात्रा झाली. आता ट्रकनं जातात पोरं, सकाळी जाऊन सांजच्याला घरात. तुझा बा नारळ फोडून आला. तू लिहिलंस ते यात्रेच्या आधीच्या दिवशी मिळालं, म्हणून सारखं तेच डोक्यात हाय.

म्हंजे झालंच की जोत्या म्हणत हुता तसं. वाळवंटातल्या मुक्कामाला पोचलात आणि नळ कोरडा. टाकीत तळाशी खडखडाट. ह्यो बाजारभाव वाचून संपल्यावर तुझा बा "बघा" एवढंच म्हणाला, पण त्या "बघा"त किती माज हुता म्हणून सांगू! मग जरा वेळानं पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला. तू तहानलेली बसलीस हे त्याला उशिरा उमगलं.

शेजारच्या गाडीतल्या म्हाताऱ्या जोडप्यानं दोन कॅन पाणी दिलं, नाव बी विचारलं न्हाय, म्हणून तुला नवल वाटलं. मला न्हाय वाटलं. ऐक.

माझं लगीन झालं त्याच सालची गोष्ट. बैलगाडीनं यात्रेला निघालतो. गाडीला बांबूचं छप्पर, आत आत्याबाई, मी, भाकरीचं गठुडं. तुमच्यासारखंच घर, फक्त संडास रानात. पाण्याची मातीची घागर गाडीच्या बुडाला टांगलेली, वर ओलं फडकं. किती पाणी घ्यायचं ते आत्याबाई ठरवायच्या. बैलांचं आधी, मग म्हाताऱ्यांचं, मग उरलं तर सुनेचं. मी म्हणायची, आणखी एक घागर टांगूया. म्हणायच्या, बैलं काय तुझ्या बापाची हायत? इतकं वजन कोण ओढंल? म्हंजे शिवकुमार आणि माझी सासू एका शाळेतली.

कोल्हापूर मागं टाकलं आणि चाक एका धोंड्यावर चढलं. घागर खाली आपटून फुटली. ऊन असं की डोळ्यापुढं गुलाल उडाल्यागत झालं. मागनं निपाणीकडची एक गाडी आली. गाडीतला म्हातारा कानडी. त्यानं आमच्याकडं बघितलं आणि तांब्या पुढं केला. "नीरु कुडी" म्हणाला, म्हंजे पाणी पी.

आता आमच्या आत्याबाई कशा हुत्या म्हणशील, तर सख्ख्या बहिणीच्या घरी सुद्धा स्वतःचा तांब्या घेऊन जायच्या. कुणाच्या घरचं पाणी चालायचं न्हाय. मी बघतच राहिले. त्यांनी तांब्या घेतला आणि घटाघटा प्याल्या. मी हळूच म्हटलं, "आत्याबाई, कुणाचं हो पाणी?" म्हणाल्या, "गाडीतलं हाय. गाडीला का उंबरा असतोय? पी गुमान."

एवढंच. का सांगितलं कुणास ठाऊक. तुझ्या त्या म्हाताऱ्यावरनं आठवलं.

टाकी पूर्ण भरून घेत जावी. ही विनंती नव्हे.

आणि अनुजा, एक विचारते. दर पत्रात गाव नवं, पत्ता मात्र तुझ्या मैत्रिणीचा, त्या प्रेरणाचा. असं का गं?

बाळाबाई


गारगोटी, २१ जुलै २००२

अनुजा,

तुझं पत्र दोन बोटं लांबीचं. आधी चांगली चार-चार पानं लिहायचीस. मग मी या दोन बोटांतच शोधत बसले.

तू लिहितीस, उन्हाळ्याला कंटाळून उत्तरंकडं थंड मुलखात आलोय, धुकं असतं, स्वेटर घालतो. बरं. आणि खाली लिहितीस, टाकी हल्ली चार दिवसांतच संपती. जोत्याला म्हटलं, परत वाच. परत वाचलं. आता मला सांग, वाळवंटात नऊ घागरी सहा दिवस पुरायच्या आणि धुक्यात चार दिवस? थंडीत माणूस जास्त पितं व्हय? आंघोळी वाढल्या म्हणशील तर थंडीत कोण वाढवतंय? मग पाणी जातंय कुठं?

सकाळी उठून चुळा भरण्यात जातंय. तोंड धुण्यात जातंय. भांड्याचा वास सहन हुत न्हाय म्हणून भांडी दोनदा धुण्यात जातंय. मी चार बाळंतपणं काढलीत, एक जोत्या तेवढा राहिला. मला टाकी शिकवू नकोस. कितवा महिना?

लिही रे. थांबलास का? जोत्या. पेन उचल.

उचललं.

आणि दुसरं. तीस गॅलन, चार दिवस, किती चूळ, किती भांडी, असा हिशोब सुट्टीवर गेलेलं माणूस ठेवत न्हाय. सुट्टीत माणूस पाणी सांडतं. फेब्रुवारीपासनं जुलैपर्यंत कसली सुट्टी? तुझ्या बाला दूध संघात दिवाळीला एक दिवस मिळायची मारामार. शिवकुमारची नोकरी गेली न्हवं? घर सोडलं न्हवं? ती गाडीच तुमचं घर हाय. खरं का खोटं तेवढं लिही, कारण विचारणार न्हाय.

आता माझं ऐक. पहिलटकरीण माहेरी येती. तिला न्यायला माहेरचा माणूस जातो, मूळ म्हंजे बोलावणं घेऊन जातो, मगच ती निघती. आता अमेरिकेला मुराळी म्हणून कुणाला धाडू? तुझा बा टँकर घेऊन समुद्रातनं येणार का? म्हणून हे पत्रच मूळ समज. अक्षर तुझ्या बाचं हाय, बघ.

डॉक्टरांना दाखवले का. त्या गाडीतून खडबडीत रस्त्याने जाऊ नये. शिवकुमार यांना सांगणे.

"यांना" म्हणून लिहिलंयस का रे? शेजारनं विठाबाईची सून वाचत हुती, ती म्हणाली. तिला हाकललंय.

बाळाबाई


गारगोटी, ८ सप्टेंबर २००२

अनुजा,

खरं लिहिलंस, बरं केलंस. घर गेलं ते गेलं. गाडी हाय, शेगडी हाय, शिवकुमार हाय. पाचवा सरत आला म्हणतीस, पोट दिसाय लागलं असंल.

पण पुढचं जे लिहिलंस ते वाचताना बाजारभाव मधेच तुटला. "अक्षर आबांचं आहे, शब्द तुझे आहेत आज्जी. माझ्या घरचं घोटभर पाणी ज्यांना चालत नाही, त्यांच्या घरी मी बाळंत कशी होऊ? आबांनी आधी माझ्या घरचं पाणी प्यावं. मग येते." एवढं वाचून तुझा बा उठला आणि म्हशीला पाणी दाखवायला गेला. म्हशीला आधीच दाखवलं हुतं. तिनं तोंड फिरवलं. तरी बादली धरून उभाच.

तू हट्टी, त्यो हट्टी. कुणाचं कुणाला लागलंय ते मला ठावं हाय, पण मी माझं नाव घेणार न्हाय.

रात्रभर विचार केला. आता जोत्या, लिही आणि लिहिता लिहिता ऐक बी.

तू काय म्हणालतास गुलाल धरून? पोरीच्या घराचा उंबरा चढणार न्हाय. बरं. त्या गाडीला उंबरा हाय का? लोखंडी पायरी हाय, फोटोत मी बघितलीया. पोरीच्या घरचं पाणी पिणार न्हाय. बरं. ते घर हाय का? त्याला चाकं हायत, त्याला नंबर हाय, तेल घातलं तर पुढं जातं. घर कधी पुढं गेलेलं बघितलंस? मग ती गाडी. आणि गाडीतलं पाणी तुझी आज्जी, जी सख्ख्या बहिणीकडं पाणी पीत नव्हती, ती भर रस्त्यात प्याली. जोतिबाच्या वाटंवर प्याली.

म्हणतोय, "ही पळवाट झाली आई. गुलालाची शपथ हाय." म्हटलं, ती प्याली तवा जोतिबा का डोळे मिटून बसला हुता? त्याच साली तिच्या नवसाला पावला, आणि तू पोटात राहिलास. म्हणून तुझं नाव जोतीराम. रागावला असता तर तू दिसला असतास का?

जोतिबाच्या फोटूकडं बघतोय.

आता अनुजा, तू म्हणशील, ती गाडी न्हवं आज्जी, ते माझं घर हाय. असू दे की. तू घर समज. त्यो गाडी समजंल. पाणी तर एकच हाय. त्या टाकीतलं एक बाटली पाणी घेऊन ये. त्यो प्याला तर तुझ्या घरचं प्याला आणि त्याची शपथ बी राहिली. दोघांची नाकं जागच्या जागी.

न्हाय प्याला तर मी स्वतः तुला नेसरीला तुझ्या सासूकडं सोडून येते. चन्नम्मा माझ्याशी चांगलं बोलती, निम्मं कानडी असलं तरी.

माझं संपलं. अजून पेन चाललंय. मी विचारणार न्हाय.

कोल्हापूर स्टेशनवर मी येतो. गाडीचा दिवस कळव. पाणी आण. बाटली काचेची नको, वाटेत फुटते. जपून ये.
आबा


गारगोटी, २४ नोव्हेंबर २००२

जावईबापू शिवकुमार,

हात बदललाय, हे तुला सांगायला नको. हे अक्षर तू माझ्यापेक्षा बरं ओळखतोस. आज्जी बोलतीया, अनुजा लिहितीया. पोटामुळं पाट लांब घेऊन बसलीया, म्हणून ओळी तिरप्या येतील.

तुला नोकरी लागली, गाडी विकली, हे कळलं. तुला यायला रजा न्हाय, हे बी कळलं. ही पोचली हे तुला फोनवर कळलंय, पण काय झालं ते ती फोनवर सांगत न्हवती. म्हणून मी सांगते. हसू नकोस गं, लिही.

त्या दिवशी सकाळी स्टेशनावर मी बी गेलते. जोत्या गाडी यायच्या कितीतरी आधीपासनं उभा. इस्त्रीचा सदरा घालून. मी म्हटलं, लगीन तुझं हाय का? त्यानं टोपी सारखी केली. गाडी आली. ही डब्यातनं उतरली, एक हात कमरंवर. दोघं समोरासमोर. तीन वर्षांनी. हमाल आमच्याकडं बघाय लागला.

मग हिनं खांद्यावरल्या पिशवीतनं बाटली काढली. झाकण उघडलं आणि थांबली. मला वाटलं, आता हा मागं सरतोय. तर यानं टोपी काढून माझ्याकडं दिली आणि ओंजळ पुढं केली. तिनं वतलं. प्याला. परत ओंजळ केली. परत वतलं. असं करत आख्खी बाटली! मी म्हटलं, "अरे मेल्या, एक घोट मला ठेव, एवढा मुलूख हिंडून आलेलं पाणी हाय." न्हाय ठेवला.

मग सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि तीन वर्षांतला पहिला शब्द लेकीशी बोलला. काय म्हणाला असंल? "रबराचा वास येतोय. टाकी कधी धुतलीवती?"

ही हसाय लागली आणि हसता हसता रडाय लागली. यानं बॅग उचलली आणि पुढं चालाय लागला. मागं बघत बघत, ती येतीया का म्हणून.

घरी आल्यावर हिनं माझी पत्रं काढली, बरोबर आणलीवती. एकेक वाचून दाखवलं. तवा मला कळलं, मी किती हुशार हाय ते. "घाटात सावकाश" मी म्हणाले? तिकडं घाट हाय हेच मला ठावं न्हाय! ब्रेक, डॉक्टर, खडबडीत रस्ता. ही वाचत हुती आणि जोत्या कोपऱ्यात बसून पायाच्या नखाकडं बघत हुता. म्हटलं, "का रे, माझ्या तोंडी किती घातलंस?" म्हणाला, "तूच म्हणालीस की, लिहिलं असंल ते माझंच समज."

आता तुझं काम. ती बाटली यानं राखेनं घासून धुतली. आपल्या आडाचं पाणी भरून देवळीत ठेवलीया. हात लावाय गेले तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे. जावई आला की पहिलं हे द्यायचं." तुझं यायचं अजून ठरलेलं न्हाय, हे त्याला सांगितलं. ठाऊक हाय म्हणाला. तरी रोज सकाळी टँकरवर जायच्या आधी बाटलीतलं पाणी केळीला वततोय आणि ताजं भरून ठेवतोय. म्हटलं, कशाला रोज? म्हणतो, आला आणि शिळं निघालं तर?

बोलणारी बाळाबाई, लिहिणारी अनुजा